बाहेर एक, आत किती?

एप्रिल उजाडला की मनमाडात गच्चीवरच्या टाकीचं झाकण उचलून बघायची सवय लागते. नळाला पाणी पंधरा-वीस दिवसांआड येणं इथं कुणाला नवं नाही. पालखेड धरणाचं आवर्तन सुटणार कधी, ते वाघदर्डीच्या धरणात पोचणार किती, यावर घरातल्या धुण्याचं वेळापत्रक ठरतं. करंजवण धरणापासूनच्या जलवाहिनीकडे गाव वर्षानुवर्षं डोळे लावून बसलं. ‘घरात एसी घ्यायचा तर कसला?’ हा प्रश्न अशा गावात पुण्या-मुंबईसारखा सुरू होत नाही. इथं तो कूलरपासून सुरू होतो, आणि खरं सांगायचं तर पाण्यापासून.

कूलरला नावं ठेवण्यासारखं काही नाही. आमच्याकडची हवा त्याच्यासाठीच बनलेली आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४१ अंशांवर आणि हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या ताट्यांचा कूलर २५-२६ अंशांची हवा फेकू शकतो. त्याला वीजही पंख्यापेक्षा थोडीच जास्त लागते. पण ही थंडी येते ती पाण्याची वाफ होण्यातून. दोन हजार घनमीटर हवा तासाला १५ अंशांनी थंड करायची तर हिशेबाने तेरा-चौदा लिटर पाणी उडून जातं. आठ तास चालवला तर शंभर लिटरच्या वर. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात दोन कूलर म्हणजे घरात दोन माणसं वाढल्यासारखंच. शिवाय बोअरचं जड पाणी वापरलं की ताट्यांवर क्षाराचे पांढरे पापुद्रे चढतात आणि एका हंगामात त्यांचं लाकूड होतं. जूनमध्ये ढग आले, दमटपणा वाढला की तोच कूलर खोलीत ओलसर वारा फिरवण्यापलीकडे काही करत नाही. त्यामुळे मनमाडात एसी ही पाणी वाचवणारी वस्तू आहे, असं म्हटलं तर बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण आमच्या गल्लीत कुणी हसणार नाही.

एसी घ्यायचं ठरलं की दुकानात दोन वाटा दाखवल्या जातात. पहिली नेहमीची: खोलीत भिंतीवर एक पेटी, बाहेर तिची जोडीदारीण, मधे तांब्याच्या दोन नळ्या. तीन खोल्या तर अशा तीन जोड्या. दुसरी वाट अलीकडे बंगल्यांच्या आराखड्यांत दिसू लागली आहे: बाहेर एकच मोठी पेटी आणि तिच्यातून निघालेल्या नळ्यांवर दोन, तीन, चार खोल्यांतल्या पेट्या. हिला मल्टी-स्प्लिट म्हणतात. मोठ्या इमारतींसाठी एका बाह्य यंत्रावर अनेक खोल्या चालवण्याची व्हीआरव्ही पद्धत जपानच्या डायकिन कंपनीनं १९८२मध्ये आणली. घरगुती मल्टी हे त्याच घराण्यातलं धाकटं भावंड. सुट्या जोड्यांपेक्षा एक मोठा फरक लक्षात ठेवायचा. या मल्टीत कॉम्प्रेसर एकच असतो आणि गॅसही सगळ्या खोल्यांत एकच फिरतो. पुढची सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी या एका गोष्टीतून निघते.

जाता जाता ‘टन’ या शब्दाबद्दल. दीड टनाचा एसी म्हटल्यावर आमच्या एका मावशींनी सज्जा पडेल का, असं काळजीनं विचारलं होतं. हा टन वजनाचा नाही, बर्फाचा आहे. एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, ती एक टन क्षमता, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. यंत्रावर छापलेली क्षमता मोजलेली असते ती बाहेर ३५ आणि आत २७ अंश धरून. मनमाडच्या मे महिन्यात बाहेर ४१-४२ असतं, आणि बाहेरची पेटी गच्चीवर भर उन्हात ठेवली असेल तर तिच्याभोवती त्याहूनही जास्त. तेव्हा तिथला दीड टन हा प्रत्यक्षात दीड टन उरत नाही. मोजमाप करताना थोडी सढळ बाजू धरायची ती इथं, पण दुकानदार म्हणतो तितकी नाही.

आता मूळ मुद्दा. एकाच वेळी घरातल्या किती खोल्यांत माणसं असतात?

मनमाड हे जंक्शन. मुंबई-भुसावळ मार्गाला इथं दौंडची आणि छत्रपती संभाजीनगरकडून सिकंदराबादला जाणारी वाट मिळते. गावातल्या कित्येक घरांचा दिवस सूर्यावर चालत नाही, ड्युटीच्या तक्त्यावर चालतो. आमच्या गल्लीत एक लोको पायलट राहतात आणि दोन घरं सोडून एक गार्डसाहेब. रेल्वेनं २०२२मध्ये गार्डचं नाव ट्रेन मॅनेजर केलं. गल्लीत ते गार्डसाहेबच आहेत. हे लोक रात्रभर मालगाडी हाकून सकाळी नऊला घरी येतात आणि त्यांना दुपारी बारा ते पाच या वेळात गाढ झोपावंच लागतं, कारण रात्री पुन्हा सिग्नल बघायचे असतात. मे महिन्यात स्लॅबखालच्या खोलीत दुपारची झोप लागणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. त्या घरात दुपारी एकच खोली थंड लागते. संध्याकाळी ती बंद होते आणि हॉल सुरू होतो, कारण आता मुलं अभ्यासाला बसलीत आणि आजी टीव्हीसमोर आहेत. रात्री साहेब ड्युटीवर गेले की बाकीचे सगळे त्याच मोठ्या खोलीत गाद्या टाकून एका एसीत झोपतात. तीन खोल्या आहेत, पण एका वेळी चालणारी बहुधा एकच.

वखारीतला हिशेबनीस, शाळेतला शिक्षक, बाजारपेठेतला दुकानदार यांच्या घरी तक्ता वेगळा असेल, पण सवय तीच. आपल्याकडे एसी ‘घराला’ लावत नाहीत, ‘खोलीला’ लावतात. पाहुणे आले तर ते एसीच्या खोलीत आणि घरचे बाहेर, हा शिष्टाचारही आता ठरून गेला आहे. अमेरिकेतल्या आपल्या नातेवाइकांच्या घरी सगळं घर दिवसरात्र एकाच तापमानाला ठेवलेलं असतं. तिथून आलेला सल्ला इथं चालवायचा म्हणजे मे महिन्यात स्वेटर विणायला घेण्यासारखं आहे.

एकाच खोलीची गरज असताना मल्टी काय करतो? इन्व्हर्टर यंत्राचं कौतुक हेच की कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू चालतो. जपानच्या तोशिबानं १९८०-८१मध्ये हे तंत्र बाजारात आणलं आणि एसीची वीज खाण्याची सवय बदलली. पण हळू चालण्यालाही खालची मर्यादा असते. एक टनाची सुटी जोडी पहाटे तीन वाजता, खोली थंड झाल्यावर, अर्ध्याहून खाली उतरून कुरकुर न करता चालत राहते. तीन खोल्यांसाठी घेतलेला मोठा कॉम्प्रेसर तितका खाली उतरू शकत नाही. त्या एका छोट्या खोलीला लागते त्याहून जास्त थंडी तो देतो, मग थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. वीज त्यात जातेच, पण दर वेळी सुरू होताना हवेचा झोत बदलतो आणि झोप चाळवते. ज्याच्यासाठी एसी घेतला तीच झोप! लग्नाच्या पंगतीसाठी आणलेल्या पातेल्यात रोज दोघांचा चहा ठेवावा, असा हा प्रकार. मल्टी घ्यायचाच असेल तर विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: बाहेरच्या यंत्राची कमीत कमी क्षमता किती? जास्तीत जास्त किती हे सगळेच सांगतात.

याची दुसरी बाजूही आहे. मल्टीत आतल्या पेट्यांची बेरीज बाहेरच्या यंत्रापेक्षा जास्त ठेवण्याची मुभा असते. हॉल दीड, दोन खोल्या एकेक, असे साडेतीन टन आत आणि बाहेर मात्र अडीच-तीन टन. गृहीतक असं की सगळ्या खोल्या एकदम चालणार नाहीत. अकरा महिने ते बरोबर ठरतं. पण घरात लग्न असतं ते मे महिन्यातच, आणि त्या दिवशी तिन्ही खोल्यांत माणसं घामाघूम होऊन रिमोट दाबत बसतात. प्रत्येकीच्या वाट्याला थोडं थोडं येतं.

बिघाडाचं गणित मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते समजायला रेल्वेच्या गावात लांब जायला नको. एलएचबी वातानुकूलित डब्याच्या छतावर दोन टोकांना दोन स्वतंत्र पॅकेज युनिटं असतात आणि प्रत्येकात दोन कॉम्प्रेसर. एक युनिट बसलं तर डबा तापतो, प्रवासी ओरडतात, टीसी कोपऱ्यात सापडतो. पण गाडी पुढच्या मोठ्या स्टेशनापर्यंत निभते. लाखो माणसं नेणाऱ्या रेल्वेनं सगळी थंडी एका यंत्रावर टाकलेली नाही. घरातल्या मल्टीत मात्र बाहेरचा एक बोर्ड जळला की हॉल, आई-वडिलांची खोली, मुलांची खोली, सगळं एकदम बंद. गॅस एकच असल्यामुळे एका खोलीच्या नळीचा नट सैल झाला तरी तिन्ही खोल्यांचा गॅस तिथून जातो. आणि गळती शोधायची म्हणजे सगळ्या नळ्यांवर साबणाचा फेस लावत फिरायचं.

माझ्या ओळखीच्या एका घरात नेमकं हेच झालं. विजेचा दाब वर-खाली झाला आणि मल्टीचा बाहेरचा बोर्ड गेला. सर्व्हिसचा माणूस नाशिकहून यायचा, बोर्ड त्याहून लांबून. नाशिकरोड आमच्यापासून रेल्वेनं सत्तरएक किलोमीटर, पण सुट्या भागाला पंचवटी एक्स्प्रेसचं आरक्षण मिळत नसावं. मधल्या काळात त्या घरानं माळ्यावरून जुना कूलर उतरवला आणि पाण्याचा एक टँकर जास्त मागवला. याउलट साध्या दीड टनी जोडीला मनमाड-मालेगाव पट्ट्यात हात लावणारे मेकॅनिक भरपूर आहेत, भागही मिळतात, आणि तोवर सगळ्यांना दुसऱ्या खोलीत झोपता येतं. मल्टीच्या माहितीपत्रकात हा हिशेब छापलेला नसतो.

पैशाचं बोलू. सप्टेंबर २०२५मध्ये एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला, तेव्हा किमती थोड्या उतरल्या. तरी साधारण चित्र असं की हॉलला दीड टन आणि दोन खोल्यांना एकेक टन, अशा तीन चांगल्या इन्व्हर्टर जोड्या बसवण्यासकट सव्वा ते दीड लाखाच्या घरात जातात. तेवढ्याच खोल्यांचा मल्टी त्याहून बराच महाग पडतो, कारण खप कमी, स्पर्धा कमी आणि नळ्यांची लांबी जास्त. बाहेरची पेटी एक म्हणून खर्च कमी होईल, हा समज दुकानात शिरेपर्यंतच टिकतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की तीन जोड्या एकदम घ्याव्या लागत नाहीत. यंदाच्या बोनसमधून आई-वडिलांच्या खोलीला, मुलगी दहावीला गेली की तिच्या खोलीला, हॉलचं पुढं बघू, असं घर हळूहळू थंड करता येतं. मल्टीत सगळा निर्णय पहिल्या दिवशी घ्यावा लागतो आणि तो पुढची दहा वर्षं भिंतीत गाडलेला राहतो.

विजेच्या बिलाबाबत लोक ताऱ्यांकडे बघतात, ते ठीकच. आपल्याकडच्या तारांकनामागे आयएसईईआर नावाचा आकडा असतो. बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश आणि वर्षाला १,६०० तास वापर धरून तो काढलेला आहे. वर्षातून दोन महिने, रात्री सहा तास एसी लावणाऱ्या घराचा वापर होतो साडेतीनशे-चारशे तास. त्या घराला पाच ताऱ्यांसाठी जास्तीचे सात-आठ हजार मोजणं परवडेलच असं नाही. दिवसा झोपणाऱ्या लोको पायलटच्या घराला नक्की परवडेल. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. एसीची युनिटं बिलाच्या वरच्या, महागड्या टप्प्यात पडतात, म्हणून हिशेब सरासरी दरानं न करता त्या टप्प्याच्या दरानं करायचा. तीन जोड्या असोत की एक मल्टी, सगळं एकदम चाललं तर पाचेक किलोवॉट ओढ होऊ शकते. आधी मंजूर भार आणि मीटरपासूनची वायर बघून घ्यावी. दुपारच्या झोपेवाल्यांनी छतावरच्या सौर पॅनेलांचा विचार जरूर करावा. फेब्रुवारी २०२४च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत केंद्राचं अनुदान आहे, आणि आमच्याकडे उन्हाची टंचाई कधी ऐकलेली नाही.

मग मल्टी कुणासाठीच नाही का? आहे. ठाण्याच्या किंवा पुण्याच्या सोसायटीत बिल्डरनं एकच सज्जा ठेवला असेल आणि दर्शनी भिंतीवर दुसरी पेटी लावायला बंदी असेल, तर मल्टी हाच मार्ग. घरात वेगवेगळ्या खोल्यांत आजारी किंवा वयस्क माणसं असतील आणि दोन-तीन खोल्या खरोखरच रोज एकदम चालणार असतील, तर मोठा कॉम्प्रेसर आपल्या मापात चालतो आणि माझे वरचे बरेच आक्षेप गळून पडतात. दाटीवाटीच्या गल्लीत, जिथं तुमच्या तीन पेट्यांची गरम हवा थेट शेजाऱ्याच्या खिडकीत जाईल, तिथं एकच पेटी गच्चीवर नेणं हा शेजारधर्म आहे. नवा बंगला बांधताना नळ्या भिंतीतून न्यायच्या असतील तर तेही सोयीचं. मनमाडच्या नव्या वसाहतींत मात्र चारही बाजूंनी भिंती मोकळ्या, गच्ची आपली, बोळ आपला. जागेची अडचणच नसताना जागेच्या अडचणीवरचं औषध घेण्यात अर्थ नाही.

गॅसबद्दल दोन वाक्यं. हल्लीच्या घरगुती एसींत बहुतेक आर-३२ असतो. जुन्या आर-४१०एपेक्षा त्याचा हवामान तापवण्याचा गुण तिपटीनं कमी. त्याहून पुष्कळ सौम्य असा आर-२९०, म्हणजे प्रोपेन, भारतात गोदरेजनं २०१२पासून सुट्या जोड्यांत वापरला, पण तो ज्वालाग्राही असल्यामुळे थोडाच भरता येतो; लांब नळ्यांच्या मल्टीला तो मानवत नाही.

काहीही घ्या, बसवणाऱ्याकडे लक्ष ठेवा. नळ्या जोडल्यावर आतली हवा व्हॅक्यूम पंपानं काढायची असते. घाईतला मेकॅनिक यंत्रातलाच थोडा गॅस सोडून हवा ढकलतो आणि पंधरा मिनिटांत पुढच्या घरी जातो. आत राहिलेला दमटपणा दोन-तीन वर्षांनी कॉम्प्रेसर खातो आणि दोष कंपनीला लागतो. बाहेरची पेटी शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर लावावी, पश्चिमेला तर नकोच. आमच्याकडे धूळ अमाप. आतली जाळी पंधरा दिवसांनी धुवायची आणि बाहेरच्या पेटीवरची धूळ निदान होळीनंतर एकदा काढायची. आणि यंत्र घेण्याआधी गच्चीवर पांढरा, उष्णता परतवणारा रंग मारून बघावा. जुन्या धाब्याच्या घरात जाड माती जे काम मुकाट करायची, ते आता पाच इंची स्लॅब करत नाही. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री बारापर्यंत खाली ओतत राहतो. रंगानंतर दीड टनाच्या जागी एक टनात भागतं, असंही होतं.

आमच्या घरी पहिली जोडी बसवायला आलेला मेकॅनिक वयानं तरुण होता, पण शहाणा. त्यानं टेप काढायच्या आधी विचारलं, ‘काकू, रात्री कोण कुठं झोपतं?’ हिनं सांगितलं. त्यानं हॉल मोजलाच नाही, सरळ आतल्या खोलीत गेला. जुलैत पावसाळी दमटपणा आला तेव्हा त्या पेटीच्या निचऱ्याच्या नळीतून तासाला लिटरभर पाणी ठिबकू लागलं. मे महिन्यात त्याच नळीतून थेंब निघाला नव्हता, आणि पाणी हवं होतं ते तेव्हाच. तरी हिनं नळीखाली बादली ठेवली. त्या पाण्यावर मागच्या दारच्या तुळशीनं आणि कढीपत्त्यानं पावसाचा ताण काढला.